उघडा कोपरा

५ फेब्रुवारी

मावशी,

पत्र लिहायचं चार महिने टाळलं. आधीच कबूल करते, म्हणजे तुला ते पहिल्याच ओळीत सुनवायची संधी मिळणार नाही. तीनदा बसले होते. पहिल्या कागदावर समोरच्या खिडकीतली मांजर उतरली, दुसऱ्यावर घरमालकीणबाईंनी कुणाचा तरी पत्ता लिहून घेतला, तिसरा खिशात राहिला आणि धुण्यात गेला. फोन केला असता, पण चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात तुझे कान गेलेत आणि जवळचा फोन थोरल्या काकांच्या घरी. ते निरोप सांगताना अर्धा स्वतःचा घालतात.

तर चार महिन्यांत काय केलं ते ऐक. एका दंतवैद्याच्या भिंतीवर हसणारी दाढ काढली. लहान मुलं तिला बघून रडतात, पण दंतवैद्य खूश आहे. न्हाव्याच्या पाटीवर सात प्रकारच्या मिशा. बाहुल्यांचा खेळ घेऊन फिरणाऱ्या एका नवरा-बायकोसाठी लाकडाची अकरा मुंडकी रंगवली, त्यातल्या दोघांची नाकं उंदरांनी खाल्ली. एका खलाशाला दंडावर गोंदवायला देवमासा काढून दिला. त्याला तो बेडूक वाटला. म्हटलं, दंड फुगव, मग मासा दिसेल. कुठे होते मी? हां, नोकरी.

मावशी, मला नोकरी लागली! खरीखुरी, टेबल-खुर्चीची. हलत्या चित्रांचा सिनेमा करणारा स्टुडिओ आहे, तिथे मी पात्रं घडवते. एकेक माणूस समोरून, बाजूने, पाठीमागून काढायचा. मग त्याचे बारा चेहरे, रागावलेला, लाजलेला, खोटं बोलणारा. आमच्या मुख्य साहेबांना सगळे खोडरबर म्हणतात, कारण ते स्वतः काही काढत नाहीत, दुसऱ्यांचं पुसायला लावतात. ते म्हणाले, "कपड्यांवरून माणूस कुठल्या घरातला ते कळलं पाहिजे." बाकीच्यांनी पुस्तकं उघडली. आमची रंगवाली, म्हणजे सगळ्यांच्या चित्रांत रंग भरणारी बाई, बेटावरची आहे. तिने आजीची होडीसारखी टोपी आणली, ती मी मीठ विकणाऱ्या म्हातारीला घातली. पहारेकऱ्यांच्या कॉलरांना कोळ्यांच्या जाळ्याच्या गाठी दिल्या. आणि नायिकेला दिलं आपलं घर.

नायिका वाटाडी आहे, डोंगरातून लोकांना पलीकडे नेणारी. तिच्या अंगावर दादाचं पांघरूण घातलं, त्याच्या मागावर टांगलेलं, विटकरी रंगाचं. काठ तोच, काळा. नक्षीत कावळ्याची पावलं आणि फणी, आणि फणीचा तो एक तुटका दात, तुझी चूक, जशीच्या तशी. डोळे मिटून काढला. फक्त एक कोपरा तू रिकामा सोडला होतास ना, तो साहेबांना खटकला. म्हणाले, काम अर्धवट वाटतं. म्हणून तिथे काठ पुढे नेऊन मी तो भरून टाकला. मस्त दिसतोय. तुला कंटाळा आला होता की दोरा संपला होता?

सोबत एक छापील चित्र पाठवते. सिनेमाच्या जाहिरातीसाठी अशी गावोगावी लावायला गेलीयत म्हणे. बघ, तुझी कला कुठे पोचली!

तुझी
भिंगरी


१० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र आज आलं. तुझं चित्र त्याआधी आलं.

रविवारी थोरले भावजी बसस्टँडवरून आले आणि चपला न काढता उंबऱ्यात उभे राहिले. माझ्या कानाशी ओरडायची त्यांना सवय आहे. त्या दिवशी ओरडले नाहीत, त्यावरूनच समजले काहीतरी झालं. हातात स्टँडच्या भिंतीवरून सोलून आणलेला कागद. त्यांनी त्यातल्या मुलीच्या पांघरुणाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. संध्याकाळपर्यंत आळीतली सगळी माणसं येऊन बसली. चहा टाकला, कुणी घेतला नाही.

तू आठ वर्षांची माझ्याकडे आलीस आणि पंधराव्या वर्षी पळालीस. मधली सात वर्षं कौलांवर होतीस, खाली काय सांगतात ते कधी ऐकलं नाहीस. आता ऐक. आपल्या विणकरांत घरातलं माणूस लांब गेलं की त्याच्या पांघरुणाचा एक कोपरा उघडा ठेवतात. ते परत आलं की स्वतःच्या हाताने तिथे लाल दोरा भरतं. मेल्याचं कळलं की आई काळा भरते. आई नसेल तर घरातलं दुसरं कुणी. काळे कोपरे तू पाहिले नाहीस, कारण ती पांघरुणं घडी घालून पेटीत जातात.

तू माझ्या लेकाचा, दादाचा कोपरा काळ्याने बंद केलास.

भावजींचं म्हणणं, ही घरचीच मुलगी, शहरात राहते, बंदराची बातमी तिला आधी लागणार. तिला काहीतरी कळलंय आणि तोंडाने सांगवत नाही म्हणून तिने असं सांगितलं. आणि त्यांच्या मते मलाही ठाऊक आहे, मी लपवतेय. दादाला जहाजावर जाऊन सात वर्षं झाली, आता पुरे, म्हणतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सगळे बसणार आणि दादाच्या मागावरचा ताणा, ते ताणलेले उभे धागे, कापणार. त्याचं अर्धं विणलेलं कापड अजून तिथे आहे. रोज मी त्यावरची धूळ फुंकते. ताणा कापला की माग भावजींच्या धाकट्याला, माझ्या पुतण्याला.

दोन गोष्टी सांग. दादाची काही खबर तुला आहे का? खरं काय ते लिही, मी ऐकीन. आणि नसेल, तर तो काळा दोरा काढ.

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

पत्र स्टुडिओच्या जिन्यात वाचलं आणि तिथेच बसले. झाडूवाल्या बाईंनी माझ्याभोवतीने झाडून घेतलं.

दादाची मला काहीही खबर नाही. शपथ. असती तर मी चित्रात कशाला सांगितली असती, धावत आले असते. लाल कोपरे पाहिलेले आठवतात, मला वाटायचं शोभेसाठी असतात. मी मूर्ख आहे, भावजींना, म्हणजे काकांना सांग, मूर्ख आहे, पण बातमी लपवणारी नाही.

काळजी करू नकोस. मी खोडरबरसाहेबांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. पुसायला सांगणं हा तर त्यांचा आवडता उद्योग! पुढची छपाई उघड्या कोपऱ्याची निघेल. झालंच म्हणून समज.

इथे थंडी आहे. रंगवालीने तिच्या कुत्र्यासाठी स्वेटर विणला, तो त्याने खाल्ला. मी त्याचं चित्र काढलंय, पोट दुखतानाचं. पुढच्या वेळी पाठवते.

भिंगरी


२० फेब्रुवारी

भिंगरे,

बाई, तू मला श्वास दिलास.

तुझं पत्र मी काल सगळ्यांसमोर वाचलं, मोठ्याने. किती मोठ्याने ते मला कळत नाही, पण पलीकडच्या आळीतून माणसं आली त्यावरून समजून घे. भावजी म्हणाले, नवं चित्र येऊ दे, मग बघू. त्यांना वाईट म्हणू नकोस. पुतण्या भिंतीला टेकून दुसऱ्यांची कापडं गुंडाळत बसतो, त्यांच्या जिवाला लागतं. मला कळतं. पण माग मी देणार नाही.

तुला कधी सांगितलं नाही ते सांगते. दादा गेला त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. त्याला जहाजावर जायचं होतं. मी म्हटलं, इथे अर्धं कापड टाकून कुठे निघालास, ते पुरं कर. तो म्हणाला, आल्यावर करीन. मी म्हटलं, तू कसला येतोस. असं म्हणाले मी, भिंगरे. मग तो पायऱ्या उतरला तेव्हा मागून ओरडले, "मी जिवंत असेपर्यंत त्या कोपऱ्यात काळा दोरा जाणार नाही, ऐकलंस?" त्याने मागे बघितलं नाही. ऐकलं की नाही देव जाणे. एक पत्र नाही, काही नाही.

फणीचा दात तुटका आहे तो माझ्या चुकीने नव्हे. दादा पोटात असताना तो काठ काढत होते, त्याने लाथ मारली आणि सुई घसरली. उसवून नीट करता आला असता. केला नाही. तू तो बरोबर काढलास. मुख्य कोपऱ्याचं वाटोळं केलंस तरी दात बरोबर काढलास, म्हणून तुला माफ.

नवं चित्र निघालं की लगेच पाठव. कुत्र्याला ओव्याचं पाणी द्या.

मावशी


२७ फेब्रुवारी

भिंगरे,

आज बस आली. अख्ख्या बसच्या पाठीवर तुझी ती वाटाडी. पांघरूण माझ्या दारापेक्षा मोठं. कोपरा काळा.

खाली छापल्याची तारीख होती. भावजींनी ती वाचून दाखवली. तुझ्या पत्राच्या तीन दिवसांनंतरची.

मी सगळ्यांसमोर वाचलं होतं तुझं पत्र.

एकेक करून सगळे उठून गेले. पुतण्याची बायको तेवढी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवून गेली, म्हाताऱ्या खुळ्या माणसाच्या फिरवतात तसा. म्हणजे आता त्यांची खात्री झाली. तुला बातमी आहे, मला बातमी आहे, आणि आपण दोघी मिळून खोटं बोलतोय.

आठ तारखेला सकाळी दहा वाजता बसणार आहेत.

मावशी


२ मार्च

मावशी,

मी खोटं बोलले.

साहेबांशी बोलले हे खरं. त्यांनी ऐकून घेतलं हेही खरं. पुढचं मी बनवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ही प्रथा कुणाला माहीत आहे?"

"आमच्याकडे सगळ्यांना."

"म्हणजे किती जणांना?"

मी म्हटलं, दोनेकशे घरं असतील. ते म्हणाले, "आणि सिनेमा किती जण बघणार? पात्र पक्कं झालंय. सगळ्या चित्रांत तो कोपरा आहे. प्रत्येक चित्र परत कोण काढणार, तुझी मावशी?" वर म्हणाले, "कपड्यांत घर दिसू दे म्हटलं होतं. घरच उचलून आण असं नव्हतं म्हटलं." आणि पुन्हा विषय काढलास तर टेबल रिकामं कर.

मी परत टेबलाशी जाऊन बसले. मला वाटलं, आठवड्याभरात त्यांचं मन वळवीन आणि खोटं आपोआप खरं होईल. मी सगळं असंच करते ना, आधी सांगून टाकते, मग त्यामागे धावते. आणि खरं सांगू? मला ते टेबल सोडवत नव्हतं. एकवीस वर्षांत एकाच जागी इतके दिवस कधी बसले नव्हते. ड्रॉवरला माझ्या नावाची चिठ्ठी आहे.

आणखी एक. ते पांघरूण मी तुला न विचारता घेतलं. विचारलं असतं तर तू एका ओळीत सगळं सांगितलं असतंस. मला वाटलं, घरचंच तर आहे, घरच्या वस्तूला काय विचारायचं. टोपीचं रंगवालीने आजीला विचारलं होतं.

काकांना फोन केला आणि हेच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आज हे खरं, त्या दिवशी ते खरं." ठेवला.

मला अजून पाच दिवस आहेत. काय करीन माहीत नाही, पण करीन. वचन देत नाही, माझ्या वचनाला आता कोण विचारतं.

भिंगरी


४ मार्च

भिंगरे,

पत्र मिळालं. खरं लिहिलंस, बरं केलंस. उशीर झाला.

भावजींनी कात्री धार लावायला दिली आहे. मोठी, कापड फाडायची. आज मी मागाजवळच स्वयंपाकाची चूल आणली आणि तिथेच अंथरूण टाकलं. पुतण्या येऊन म्हणाला, "काकू, हट्ट किती करशील?" मी ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग.

चार माणसांनी मिळून उठवलं तर मात्र उठावं लागेल. माझं वजन ते काय.

एकच गोष्ट छळते. त्यांचं ऐकून ऐकून मलाही काल वाटलं, की पोरीच्या हाताला काहीतरी कळलं असेल. हात उगाच तिकडे का गेला? असं वाटणं हेच मी सात वर्षं टाळत होते.

मावशी


६ मार्च, शुक्रवार, संध्याकाळचे सहा

मावशी,

हे जलद टपालाने पाठवतेय. उद्या संध्याकाळी तुझ्या हातात पडेल. उभ्याने वाच, पण आधी मागाला धरून उभी राहा.

क्रमाने सांगते, नाहीतर माझं काय होतं तुला ठाऊक आहे.

स्टुडिओच्या समोरच्या इमारतीवर वाटाडीचं सगळ्यात मोठं चित्र लागलंय, तीन मजली. आज दुपारी रंगवालीकडून विटकरी रंगाचा डबा घेतला. तिने काही विचारलं नाही, फक्त दोन नंबरचा ब्रशही दिला. बांबूंवरून चढले आणि काळा कोपरा पुसला. कौलांवर घालवलेली सात वर्षं कामी आली. खालून रखवालदार ओरडत होता, "उतर, नाहीतर मी चढेन! आणि माझे गुडघे बघ!" त्याच्या गुडघ्यांची दया येऊन उतरले, पण काम पुरं करून.

खोडरबरसाहेब रस्त्यात उभे होते. बराच वेळ वर बघत राहिले. म्हणाले, "आता नजर तिथेच जाते." मग म्हणाले, "टेबल रिकामं कर." दोन्ही एकाच सुरात. ड्रॉवरवरची चिठ्ठी तेवढी सोलून घेतली. नुकसानीचा कागद लिहून देईपर्यंत मला रखवालदाराच्या खोलीत बसवलं. मी विचार करत होते की एका भिंतीने काय होणार, बाकीच्या हजार ठिकाणी तो काळाच आहे.

तिथे, मावशी, दारात एक माणूस आला.

वाळलेला, दाढी वाढलेली, खांद्याला खलाशांची पिशवी. हातात घडी घातलेलं आमचं चित्र, घड्या पडून पडून फाटलेलं. रखवालदाराला म्हणाला, "हे ज्याने काढलं त्याला भेटायचंय." रखवालदाराने बोटाने मला दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मी चौदा वर्षांची होते तो गेला तेव्हा, त्याने मला ओळखलं नाही. मीही त्याला ओळखलं नाही. त्याने कागद उलगडला, काळ्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि विचारलं,

"आई कधी गेली?"

तो म्हणाला, "खरं सांगा. ती जिवंत असती तर हा काळा झाला नसता. ती मला म्हणाली होती."

त्याने ऐकलं होतं, मावशी. पायऱ्यांवरून. अक्षर न् अक्षर.

मी म्हटलं, "दादा, मी भिंगरी." मग रखवालदाराने त्याला आपली खुर्ची दिली. तू मागाजवळ अंथरूण टाकून झोपतेस, हे मी त्याला चारदा सांगितलं. चारही वेळा त्याने "नक्की?" विचारलं. मी खोटारडी आहे हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मग तुझं परवाचं पत्र पुढे केलं. अक्षर त्याने ओळखलं. बहिरेपणाच्या ओळीशी हसला आणि मग रडला.

एका बंदराच्या भिंतीवर त्याला चित्र दिसलं. जहाज सोडलं आणि चार दिवस मिळेल त्या गाडीने आला. घरी जायची हिंमत होईना, म्हणून आधी इथे. मी विचारलं, सात वर्षं काय करत होतास? म्हणाला, "कोपरा उघडा होता ना. उघडा आहे तोवर घाई कसली, असं वाटायचं." मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. ते तुझ्यासाठी ठेवलंय.

आता महत्त्वाचं. काकांना फोन केला. "दादा आलाय," म्हटलं. ते म्हणाले, "तुझं बदललेलं चित्रही असंच आलं होतं." दादाने फोन हातात घेईपर्यंत त्यांनी ठेवला होता. पुन्हा लावला, उचलत नाहीत. त्यांचं चुकत नाही, माझ्या आवाजाला मीच भोक पाडलंय.

आजची बस दुपारीच गेली. रात्रीच्या टपालगाडीत माणसांना घेत नाहीत, पत्रांना घेतात. उद्या दुपारच्या बसने आम्ही निघतो, रविवारी बारापर्यंत दारात. ते दहाला बसणार. दोन तास, मावशी. तेवढे दोन तास कात्री लावू देऊ नकोस. काय वाटेल ते कर, बहिरी हो, आंधळी हो, मागाच्या पायाला स्वतःला बांधून घे.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका म्हण त्यांना. या पानाच्या मागे बघा म्हणावं. तिथे दादाने स्वतःच्या हाताने फणी काढलीय, तुटक्या दातासकट. रेघ वाकडी आहे, त्याला कधीच चित्र काढता आलं नाही. मी दुरुस्त केलेली नाही. खाली त्याने दोन ओळी लिहिल्यायत, त्या मी वाचलेल्या नाहीत.

टपाल कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं आहेत. तो दारात उभा राहून "चल, चल" करतोय, सात वर्षं उशीर केलेला माणूस.

लाल दोऱ्याची गुंडी काढून ठेव. जहाजाच्या दोरांनी त्याची बोटं जाडजूड झालीत, त्याला ओवता येणार नाही. सुई तूच ओवून ठेव.

भिंगरी